राजदूत 350 चं इंजिन: कसारा घाट बिनघोर उतरता यावा म्हणून केलेल्या कामाच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024

मोटरसायकल मामांची. राजदूत 350, 1984 ची, एचटी (हाय टॉर्क). एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या आरडी 350 वरून इथं बांधलेली टू-स्ट्रोक. दोन सिलिंडर, 347 सीसी, सहा गिअर. जपानी आरडी 39 बीएचपीची, आपली एचटी 30.5 ची आणि पुढं मायलेजसाठी आणखी दाबलेली एलटी (लो टॉर्क) 27 ची. मला यात एकही घोडा वाढवायचा नाहीये. नाशिकहून निघून कसारा घाट उतरावा, मुंबई गाठावी, त्याच रात्री परत चढून यावं आणि या सगळ्यात क्लचवर ठेवलेली दोन बोटं काढता यावीत, एवढंच हवंय. कशासाठी ठेवलेली बोटं, ते टू-स्ट्रोकवाल्यांना सांगायला नको.

गाडी पकडली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये आवळून इंजिन जाम झालं, ती घाट उतरतानाच. रेस पूर्ण बंद, तिसरा गिअर, इंजिनाच्या जोरावर वेग रोखत मामा खाली येत होते. मागचं चाक एकदम थांबलं. क्लच दाबला म्हणून निभावलं. तेव्हापासून ती नाशिकरोडच्या शेडमध्ये.

पकडली का, याचं उत्तर इंजिन उघडण्याआधीच बाहेरून दिसतं. ऑईल पंप (टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला वंगणाचं ऑईल पोचवणारा) काढून त्या जागी पत्र्याची चकती बसवलेली. एअर फिल्टरचा डबा गायब, कार्बोरेटरला नुसते स्पंजचे फिल्टर. सायलेन्सरच्या जागी कुठल्याशा गॅरेजनं वळवलेले एक्स्पान्शन चेंबर (जोरात पळण्यासाठीचे फुगीर सायलेन्सर). पंप काढला की ऑईल पेट्रोलमध्येच मिसळून घालावं लागतं. सपाटीवर ते चालून जातं. उतारावर रेस बंद केली की पेट्रोल येणं जवळजवळ थांबतं आणि पेट्रोलबरोबर ऑईलही. इंजिन मात्र चार-पाच हजार फेऱ्यांवर फिरतच असतं, कारण चाक त्याला फिरवतंय. पंप असता तर तो इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो, म्हणून रेस बंद असली तरी थोडं का होईना ऑईल पोचवत राहिला असता.

तेव्हा पहिला निर्णय आजच: पंप परत बसणार, मूळ सायलेन्सर आणि फिल्टरचा डबा परत येणार. मामा म्हणाले, "अरे, चेंबरचा आवाज जाईल की मग!" जाईल.

24 नोव्हेंबर

हेड आणि सिलिंडर निघाले. डावा पिस्टन सिलिंडरमध्येच चिकटलेला. तीन दिवस डिझेल ओतून ठेवलं, मग लाकडी ठोकळ्यावर हलके ठोके देत सिलिंडर वर सरकवला. लोखंडी हातोडा थेट पिस्टनवर मारायचा नाही, त्याचा धक्का कॉनरॉडला जातो.

पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे, खालची रिंग खोबणीत अ‍ॅल्युमिनियमनं लिंपलेली. ऑईलचा तुटवडा आणि लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) मिश्रण दोन्ही असलं की असंच दिसतं. लीन का, तेही सापडलं: डावीकडचं, डायनॅमोच्या बाजूचं क्रँक सील नखानं दाबलं तर प्लॅस्टिकसारखं कडक. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हीच मिश्रणाची खोली. तिथून बाहेरची हवा आत आली की कार्बोरेटर कितीही नीट लावा, त्या बाजूचा सिलिंडर उपाशीच राहणार. उजवीकडचं सील गेलं तर उलटं होतं, क्लचकडचं गिअर ऑईल आत ओढलं जातं आणि मागं पांढरा धूर निघतो. धुराची बाजू निदान कळते तरी, डावी बाजू काही न सांगता मारते.

उजव्या हेडमध्ये प्लगचे आटे गेलेले. हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठी बसवायची तारेची गुंडाळी), 400 रुपये.

8 डिसेंबर

क्रँककेस उघडली. आरडीची केस आडवी फाकते, म्हणजे गाडी उलटी करून खालचा अर्धा उचलला की क्रँक आणि गिअरबॉक्स दोन्ही समोर मांडल्यासारखे दिसतात. गिअर उत्तम. क्रँकचे बेअरिंग खरखरतायत, डावा बिग एंड (कॉनरॉडचं क्रँककडचं मोठं टोक) वर-खाली हलतोय. चारही मेन बेअरिंग, दोन्ही कॉनरॉड किट, सगळी सील नवीन. बेअरिंग-सील-गॅस्केट मिळून 6,900. कॉनरॉड किट जोडी 7,600, पुण्याच्या नाना पेठेतून. नाशिकला मिळालं नाही असं नाही, पण इथं दाखवलेल्या किटमध्ये रॉडच्या छोट्या टोकाचं भोक डोळ्यांनाही वाकडं दिसत होतं.

22 डिसेंबर

क्रँकमध्ये अडीच हजार रुपये आणि पंधरवडा वाया गेला.

आरडीचा क्रँक अखंड नसतो. चार फ्लायव्हील पिनांवर दाबून एकत्र केलेली असतात, दोन्ही क्रँकपिन एकमेकींच्या 180 अंश समोर. किट बदलायचं म्हणजे हे सगळं प्रेसवर उकलायचं, परत दाबायचं आणि मग दोन सेंटरमध्ये धरून डायल गेजखाली (मिमीचे शतांश दाखवणारं काट्याचं यंत्र) फिरवत फिरवत तांब्याच्या हातोडीनं सरळ करायचं. खरं काम शेवटचं आहे, प्रेस कुणीही मारतो. अंबडच्या एका वर्कशॉपनं (नाव लिहीत नाही) प्रेस मारून क्रँक हातात दिला. "एकदम सेंटर आहे, साहेब." घरी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला, तर डाव्या टोकाला काटा 0.12 मिमी हलला. हवा 0.03 च्या आत. एवढ्या वाकड्या क्रँकवर गाडी सुरू होते, पळतेही, पण नवीन सीलचे ओठ झिजवते, पॉइंटचं (ठिणगी पाडणाऱ्या संपर्काचं) टायमिंग नाचवते आणि हँडलला मुंग्या आणते. मग दोष कार्बोरेटरवर जातो.

तुम्ही करणार असाल तर एवढंच करा: क्रँक ताब्यात घेण्याआधी त्यांच्याच टेबलावर डायल लावून बघायला मागा. डायल नाही म्हणाले की क्रँक उचलून निघा.

5 जानेवारी 2025

सातपूर एमआयडीसीत एक वयस्कर लेथवाले काका सापडले. त्यांनी क्रँक हातात घेतला, दोन्ही टोकं बोटांवर धरून फिरवला आणि डायलकडं न बघताच "मधला सांधा फिरलाय" म्हणाले. बाहेरच्या दोन जोड्या ठीक होत्या, डावी आणि उजवी बाजू जोडणारा मधला सांधा किंचित पिळलेला होता. तो उकलून परत दाबला. नंतर दोन तास फक्त हातोडी आणि डायल. मी शेजारी उभा होतो. ठोका एकदम हलका, मग पूर्ण एक फेरी, काटा बघायचा, खडूनं खूण, परत ठोका. शेवटी डावीकडं 0.02, उजवीकडं 0.025. मजुरी 4,000. "घाईचं असेल तर दुसरीकडं न्या" हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, म्हणूनच तिथं ठेवला.

12 जानेवारी

पिस्टन आधी, बोअर नंतर. हा क्रम उलटा करू नका.

सिलिंडर आधी 0.50 वर गेलेले होते, म्हणजे मूळ मापापेक्षा 0.50 मिमी मोठे कापलेले. ओरखडे जायला 0.75 पुरेल असं बोअर गेजनं दिसलं. 0.75 चे दोन पिस्टन रिंगांसकट 6,400 ला आणले. दोन्हींवर छाप एकच, पण मायक्रोमीटरनं गजन पिनेच्या (पिस्टन कॉनरॉडला जोडणारी पिन) काटकोनात, स्कर्टच्या खालच्या अंगाला मोजलं तर दोघांत 0.02 मिमीचा फरक. दोन्ही सिलिंडर डोळे झाकून 64.75 ला कापले असते, तर एक घट्ट आणि एक ढिला झाला असता. पिस्टनवर मार्करनं डा आणि उ लिहिलं, प्रत्येकाचं माप चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी त्या त्या सिलिंडरला बांधली आणि बोअरवाल्याला सांगितलं: या मापापेक्षा 0.05 मिमी जास्त, होनिंग (शेवटची घासाई) धरून. तो म्हणाला, चार शतांश पुरेत. मूळ मापं त्याच्याच बाजूनं बोलतात. पण हे पिस्टन मूळचे नाहीत, त्यांचा धातू तापल्यावर किती फुगेल याचा भरवसा नाही, आणि एप्रिलात घाट चढायचाय. पिस्टन थंड असताना थोडा वाजला तरी चालेल.

रिंगांची फट फीलर गेजनं 0.35. टू-स्ट्रोक पिस्टनच्या खोबणीत छोटी पिन असते, रिंगेची दोन्ही टोकं तिच्या आजूबाजूलाच बसली पाहिजेत. बाण एक्झॉस्टकडं.

26 जानेवारी

बोअर होऊन आले, 1,600. माप बरोबर, पण पोर्टांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार. टू-स्ट्रोकमध्ये रिंग दर फेरीला या खिडक्यांवरून सरकते, धार ठेवली तर कुठंतरी अडकून तुटतेच. बोअरवाले सहसा हे करत नाहीत, मागावं लागतं. मी घरीच केलं: बारीक गोल कानस, नंतर तेलपाणी लावून पॉलिश पेपर. बोट फिरवलं तर लागू नये एवढंच, पोर्ट मोठा करायचा नाही. सकाळ त्यातच गेली.

दुपारी हेड. जाड काचेवर 400 नंबरचा पेपर, त्यावर हेड पालथं ठेवून इंग्रजी आठच्या आकारात फिरवायचं. डाव्या हेडची एक कड बराच वेळ काळीच राहिली, म्हणजे तेवढं ते वाकलेलं होतं.

9 फेब्रुवारी

केस बंद करताना अडकलो. खालचा अर्धा बसवला तर एका बाजूला कागद सरकेल एवढी फट. हातभार लावायला आलेला मित्र म्हणाला, बोल्ट आवळ, बसेल. आवळले असते तर केस तडकली असती, आणि आरडीची चांगली केस हल्ली शोधून सापडत नाही.

कारण असं की मेन बेअरिंगच्या बाहेरच्या कड्याला एक बारीक पिन असते आणि तिच्यासाठी केसमध्ये भोक. चार बेअरिंग, मधलं सील, सगळ्यांची ही भोकं एकाच वेळी जुळली तरच क्रँक पूर्ण खाली बसतो. उजवीकडून दुसरं बेअरिंग दोन-तीन अंश फिरलेलं होतं. क्रँक उचलला, प्रत्येक पिनेच्या रेषेत बेअरिंगच्या तोंडावर मार्करनं रेघ ओढली, मग रेघा बघत ठेवला. टक् असा आवाज आला आणि क्रँक स्वतःच्या वजनानं बसला. हा आवाज येईपर्यंत बोल्टला हात लावू नये.

दोन्ही अर्ध्यांमध्ये कागदी गॅस्केट नसतं, फक्त सीलंट, तेही पातळ. जास्त लावलं की आतल्या बाजूला त्याच्या दोऱ्या लोंबतात आणि एखादी तुटून ऑईलच्या वाटेत जाऊन बसते.

23 फेब्रुवारी

या सगळ्या कामात एकच गोष्ट करायला मिळाली असती तर मी आजचीच केली असती.

इंजिन कुठून हवा ओढतंय का, हे गाडीवर चढवण्याआधी कळतं. बीपी मोजायचं काट्याचं यंत्र घ्यायचं, दंडाचा पट्टा काढून टाकायचा, फुगा आणि डायल ठेवायचे. डायल 300 मिमी पाऱ्यापर्यंत असते, म्हणजे साधारण 0.4 बार, या चाचणीला तेवढाच दाब लागतो. एक्झॉस्टच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि जाड पत्रा आवळून, इनटेकला रबरी बूच, एका बुचातून नळी आत. फुगा दाबत 300 ला न्यायचं आणि काट्याकडं बघत बसायचं.

आधी फक्त डावा सिलिंडर बंद करून बघितला. काटा सरळ खाली. साबणाचं पाणी सगळीकडं लावलं, कुठंच बुडबुडा नाही, तरी काटा खालीच. नवीन सील खराब निघालं म्हणून परत केस उघडायच्या विचारात होतो. भद्रकालीतल्या जुन्या मिस्त्री चाचांना फोन केला, त्यांनी एकच विचारलं: "बेटा, दुसरा सिलिंडर उघडा है क्या?" उघडाच होता. दोन क्रँकखोल्यांच्या मधलं सील रबरी नसतं, ते चकऱ्यांचं लॅबिरिंथ असतं आणि पूर्ण हवाबंद कधीच नसतं. हवा तिकडून निघून जात होती.

दोन्ही बाजू बंद करून परत 300. आता मिनिटाला 30 उतरतंय. मिनिटाला 50 पेक्षा कमी तर ठीक, असं धरलं होतं. ते तीसही उजव्या सिलिंडरच्या बुडाच्या गॅस्केटजवळ बारीक फेसात दिसले. नट क्रमानं परत आवळल्यावर 20 च्याही खाली आले.

रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण फक्त आतच जाऊ देणारी झडप) मूळ पोलादी पाकळ्या काढून फायबरच्या टाकल्या, 2,800. ताकदीसाठी नाही. पोलादी पाकळी तुटली तर तिचा तुकडा सिलिंडरमध्ये जाऊन सगळं काम मातीत घालतो, फायबरचा चुरा होऊन निघून जातो.

9 मार्च

ऑईल पंप जुन्या बाजारातून, 5,500. केबल नवीन, 450.

जुना पंप तसाच बसवायचा नाही. रेस बंद असताना तो किती ऑईल ढकलतो, ते त्याच्या सर्वांत कमी स्ट्रोकवर ठरतं. चकती हातानं फिरवत प्लंजर पूर्ण बाहेर आला की फीलर गेजनं फट मोजायची. 0.20 ते 0.25 मिमी हवी. या पंपाची 0.12. म्हणजे बाहेरून पंप लावलेला दिसला असता आणि घाटात पंप नसल्यासारखीच गत झाली असती. पातळ वायसर घालून 0.24 केली. केबलची खूण पुलीच्या खुणेशी जुळवली.

हवा काढायला वेळ लागतो. ब्लीड स्क्रू उघडून बुडबुडे थांबेपर्यंत थांबा. दोन्ही बारीक नळ्या पारदर्शक घ्या, म्हणजे नंतर चालत्या इंजिनावरही ऑईल सरकताना दिसतं. ऑईल जेएएसओ एफडी प्रतीचं.

23 मार्च

पॉइंट ठेवायचे की इलेक्ट्रॉनिक इग्निशन, यावर ग्रुपवर महाभारत झालं. पॉइंट ठेवले. शहापूरला रस्त्यात बंद पडले तर पॉलिश पेपरच्या तुकड्यावर घरी येता येतं, एवढंच माझं म्हणणं.

फट 0.35. टायमिंग डोळ्यांनी नाही, प्लगच्या भोकात डायल गेज उतरवून. मूळ आकडा पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी 2 मिमी. मी दोन्ही बाजूंना 1.9 ठेवलं. आधी एक सिलिंडर मूळ प्लेट फिरवून, मग दुसरा त्याच्या छोट्या प्लेटनं. हा क्रम बदलला की दुसरं लावताना पहिलं हलतं. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होऊन टायमिंग मागं पडतं, म्हणून कॅमजवळच्या फेल्टला ग्रीसचं बोट लावायला विसरायचं नाही. पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवर ठिणग्या उडू न देणारा भाग), प्लग (बी8एचएस) मिळून 1,900.

30 मार्च

पाडवा. मामांचा आग्रह की आजच सुरू करायची. हार, नारळ, शेजारची पोरं, सगळं जमलं. किकांवर किका, आणि उजव्या कार्बोरेटरमधून पेट्रोल सायलेन्सरपर्यंत वाहिलं. हार तसाच, गाडी परत शेडमध्ये.

फ्लोट नीडलचं (कार्बोरेटरात येणारं पेट्रोल अडवणारी सुई) रबरी टोक फुगलेलं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला हे करतं. कार्बोरेटर किट 1,300.

6 एप्रिल

दुसऱ्या किकला सुरू झाली. टाकीत सुरुवातीपुरतं पेट्रोलमध्येही थोडं ऑईल घातलंय, त्यामुळं पंपाचं आणि हे मिळून गल्लीभर धूर. पाच मिनिटं चालवून बंद, पूर्ण थंड, परत पाच मिनिटं. संध्याकाळी थंड इंजिनावर हेडचे नट परत आवळले. चारांपैकी एक तरी थोडा फिरतोच.

20 एप्रिल

गंगापूर रोडनं धरणापर्यंत फेऱ्या चालू आहेत, रेस अर्ध्यावर, एकाच वेगावर कधीच नाही. गाडी छान. मात्र त्र्यंबक रोडला अर्धा तास झाला की उजवा सिलिंडर मिसिंग करायला लागतो. थांबून चहा घेतला की परत ठणठणीत. या एका गोष्टीपायी कार्बोरेटर कितीदा तरी उघडला असेल. शेवटी चालू गाडीतच उजवा प्लग काढून बॉडीला टेकवून ठिणगी बघितली: पिवळी, अशक्त. पॉइंटवरही निळसर ठिणग्या उडताना दिसल्या. नवीन आणलेला कंडेन्सर तापला की निकामी होत होता. जुन्यातला एक मोजून बसवला, रोग गेला.

टपरीवर आरडी उभी केली की चार डॉक्टर जमतात आणि चौघेही "जेट बदला" सांगतात (जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक; नंबर मोठा तेवढं पेट्रोल जास्त). थंड असताना चांगली आणि तापल्यावर वाईट असेल तर आधी कंडेन्सर बघा.

4 मे

आता जेट. हा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला. हवा गळत असताना किंवा ठिणगी अशक्त असताना लावलेला जेट फसवतो.

मूळ जेट 1984 च्या निव्वळ पेट्रोलसाठी होते. आज पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन साधारण 7-8 टक्के जास्त द्यावं लागतं, नाहीतर मिश्रण लीन. गाडीत होता 120 चा मेन जेट, तोही मोकळ्या फिल्टरवाल्या दिवसातला. 130 वर गेलो, नीडलची क्लिप एक खाच खाली.

बघायची रीत: नवे प्लग, विल्होळीच्या पुढं पहाटे मोकळा रस्ता, चौथ्या गिअरात पूर्ण रेस, तशीच थोडा वेळ ओढायची, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद. रेस सोडून मग बंद केली तर प्लग खोटं बोलतो. दोन्ही प्लगचं पोर्सिलिन भाजक्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं तपकिरी, म्हणजे मिश्रण बरोबर. नाशिकपुरतं काम झालं.

11 मे

नाशिकपुरतंच. पहाटे घाट उतरलो, रेस बंद, तिसरा गिअर, मागून मामा कारमध्ये. पंपाच्या नळ्यांत ऑईल सरकत होतं, इंजिन कुठं जड झालं नाही. पण शहापूरच्या पुढं परत तीच प्लगची परीक्षा घेतली तर पोर्सिलिन जवळजवळ पांढरं, म्हणजे मिश्रण लीन. वर टरफली, खाली पांढरं, जेट तोच.

नाशिक साधारण 600 मीटर उंचीवर आहे. इथली हवा समुद्रसपाटीपेक्षा अंदाजे 6 टक्के पातळ. कार्बोरेटरला ते कळत नाही, तो आपल्या भोकातून जवळजवळ तेवढंच पेट्रोल देतो. नाशिकला अचूक लावलेली गाडी खाली उतरली की आपोआप लीन होते, आणि नेमकं तिथंच मोकळा हायवे, पूर्ण रेस. मामांची गाडी त्या दिवशी घाटात पकडली, पण ऑईल मिळालं असतं तरी मुंबईच्या वाटेवर कधीतरी पकडली असतीच.

म्हणून जेट घाटाखाली लावायचा. शहापूरजवळच झाडाखाली बसून 135 टाकला, पोर्सिलिन परत तपकिरी. या जेटवर नाशिकमध्ये पूर्ण रेसला गाडी शेवटच्या टप्प्यात थोडी घुमते, मोकळी सुटत नाही. ओळखीचा एकजण चालवून म्हणाला, "रिच आहे राव, पेट्रोल जास्त होतंय, एक नंबर खाली ये, सुटेल बघ." सुटेल, मान्य. नाही उतरणार.

8 जून

मुंबई एका दिवसात जाऊन-येऊन. येताना घाटात पाऊस आणि ट्रकांची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरात बराच वेळ. इंजिन तापलं, पण मिसिंग नाही. पेट्रोल लिटरला 24 किमी.

खर्च: वर लिहिलेलं सगळं, शिवाय जेट 1,500 आणि जुने मूळ सायलेन्सर 9,000. वाया गेलेली क्रँकची मजुरी धरून 52 हजारांच्या आसपास. सगळ्यांत जास्त सायलेन्सरला गेले, आणि जोरात पळण्यासाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही. चेंबर ठेवले असते तर मधल्या फेऱ्यांवर गाडी मरते आणि जेटिंगची एवढी रुंद चूक ती सहन करत नाही.

21 डिसेंबर

थंडीसाठी एक नोंद राहिली होती. मेच्या दुपारी 40 अंश आणि आत्ता पहाटे 9, एवढ्या फरकानं हवा साधारण 11 टक्के दाट होते. हा फरक घाटापेक्षा मोठा आहे. आज पहाटे विल्होळीला प्लग बघितला: 135 वर फिकट, पांढरा नाही. याच थंडीत घाटाखालीही उतरायचं असल्यानं 140 टाकला. मार्चअखेरीस परत 135. दोन्ही जोड्या आणि जेटचा पाना सीटखाली, त्याच पिशवीत दोन प्लग, एक मोजलेला कंडेन्सर आणि पॉलिश पेपर.

ऑईलच्या डब्याला बाहेरून टेप लावून रेघा मारल्यात, म्हणजे दर टाकीला किती उतरलं ते दिसतं. सध्या पेट्रोलच्या लिटरला 25 ते 30 मिली. यापेक्षा कमी उतरायला लागलं तर आधी पंपाची फट मोजणार, मगच पुढच्या वेळी घाट. गिअर लिव्हरच्या शाफ्टमधून थेंब थेंब ऑईल येतंय, ते सील बदलायचंय. पुढचे ब्रेक ड्रमचे आहेत आणि आता गाडी पळायला लागल्यावर ते कमी पडतायत, जानेवारीत लायनर.